एक ठोका म्हणजे पाणी

१

सेलूला स्टेशन रोडवर ‘दिनकर रेडिओ’ म्हणून दुकान आहे, ते माझं. लग्नाकार्याला भोंगे-माइक भाड्यानं देतो, जुने रेडिओ दुरुस्त करतो, आणि जे दुरुस्त होत नाहीत त्यांचे सुटे भाग विकतो. शाळा नववीत सुटली. वीज शिकलो ती शॉक खाऊन. गिऱ्हाईक शिकायला त्याहून जास्त वर्षं लागली. झरीच्या एका गृहस्थांचा रेडिओ आला होता, उघडला तर आत उंदरांचं बिऱ्हाड. साफ केलं, रेडिओ गायला लागला. गृहस्थांना सांगितलं, एक भाग हैदराबादहून मागवावा लागला. ते खूश, मी खूश, उंदीर तेवढे नाराज. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी जे सांगणार आहे त्यात तरी खोटं बोललो नाही असं वाटावं.

दुकानाच्या मागं दार, दाराच्या मागं खोली, खोलीत सुमंगला. माझी बायको. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं सत्तावीस वर्षं दुसरीचा वर्ग सांभाळला. टेबलावर डस्टर आपटलं की साठ पोरं गपगार. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणं गेलं. समजत सगळं होतं. डावा हात शाबूत होता. त्या हातात आम्ही स्टीलची वाटी दिली आणि ती खाटेच्या लोखंडी पाइपवर आपटून हाक मारायला लागली. एक ठोका म्हणजे पाणी. दोन म्हणजे कूस बदला. सलग ठोके म्हणजे असशील तसा ये.

रस्त्यावर ट्रकचा गोंगाट. काउंटरवर मला ते ऐकू येईना, म्हणून खाटेच्या पाइपला घड्याळाच्या बझरमधली, माइकसारखा ठोका पकडणारी पितळी चकती चिकटवली, वायर दाराखालून ओढली आणि काउंटरखाली छोटा स्पीकर ठेवला. गिऱ्हाइकांना सवय झाली होती. ठोका वाजला की तेच म्हणायचे, “जा काका, मॅडम बोलवायल्यात.”

डॉक्टरनं एकच गोष्ट तीनतीनदा बजावली होती. गिळताना ठसका लागला तर आधी उठवून बसवा, पाठ थोपटा, आणि ठसका पुरता थांबेपर्यंत पाण्याचा थेंब देऊ नका, पाणी सरळ छातीत उतरेल. म्हणून आमच्या घरात तिच्या खोकल्याला सगळ्यात मोठी किंमत होती. ती खोकली की मी गिऱ्हाइकाच्या हातातला माइक तसाच सोडून पळायचो.

२

एप्रिलच्या सुरुवातीला माऊली आला. तो ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, तिशी ओलांडलेला गडी, गावाकडं चार एकर कापूस. आल्याआल्या स्टुलावर बसला.

“काका, मला भुंगा पायजे.”

“कसला भुंगा?”

“गिटारीतून निघणारा. डब्यात कोंडलेला भुंगा कसा करतो, तसा. फाटका, पर गोड.”

“ऑनलाइन मिळतंय की तसलं पेडल.”

“हाय माझ्याकडं. प्लॅस्टिकचा भुंगा हाय त्यो. चारठाण्याच्या जत्रंत पयले वाल्वचा सेट लावायचे बघा, आवाज फाटला की अंगावर काटा यायचा. तसा पायजे. डीजेवाल्यांनी आमचं पोट मारलंय. देवगाव फाट्याला मोठं लग्न धरलंय, तिथं हाणायचाय.”

वाल्व म्हणजे बोटभर उंचीची काचेची बाटली. आतली हवा काढून घेतलेली, मधे तार, ती तापून लाल होते. जुन्या रेडिओत असायचे. भुंगा करायची युक्ती फार मोठी नाही. आवाज इतक्या जोरात आत ढकलायचा की वाल्वला तो पेलू नये. पेलला नाही की त्याच्या कडा तुटतात, आणि तुटलेल्या कडा भुंग्यासारख्या गुणगुणतात.

वाल्व निवडायची आमची रीत अशी. सेट चालू ठेवून पेन्सिलीच्या बुडानं काचेवर हळूच टिचकी मारायची. चांगला वाल्व गप्प राहतो. वाईट वाल्व टिचकी ऐकतो आणि स्पीकरमधून ठण्ण करून सांगतो. असला वाल्व रेडिओत कुणी घालत नाही. मी घातले नव्हते, टाकलेही नव्हते, एका डब्यात साठवले होते. यावेळी मला तसलाच पाहिजे होता, कारण जो काचेवरची टिचकी ऐकतो तो गिटारीची तार किती ऐकेल.

एकाचं नाव पुसलेलं होतं. कुठून आला ते मला आजही माहीत नाही. गोणीनं घेतलेल्या भंगारात आला असेल, तुम्हीही त्यात काही शोधू नका. त्याला टिचकी मारली, स्पीकर वाजला. मी पेन्सिल बाजूला धरली. स्पीकर आणखी एकदा वाजला. हात थरथरला असेल म्हणून सोडून दिलं आणि तोच बसवला.

पत्र्याचा डबा, दोन ट्रान्सफॉर्मर, पायानं दाबायचं बटण, डब्यातच एक स्पीकर. चार दिवसांत तयार. अडचण एवढीच की तपासायला गिटार नव्हती, ती माऊलीकडं. मला एका मापाचा आवाज सारखा पाहिजे होता आणि दोन्ही हात मोकळे पाहिजे होते. खाटेची वायर काउंटरखाली आलेलीच होती. ती मी छोट्या स्पीकरमधून काढली आणि डब्यात खोचली. आयता माल हाताशी असताना मी दुसरीकडं कधी गेलेलो नाही.

आत जाऊन सुमंगलाला म्हटलं, “वाजवत राहा. मी थांब म्हणेपर्यंत.”

तिचा चेहरा असा झाला, जणू कुणीतरी हजेरीपट परत तिच्या हातात दिला. उशीवरून मान उचलून तिनं वाटी नीट धरली. मी दुपारी एकपासून काम करत होतो. डब्यातून तिचा ठोका यायचा आणि त्याच्या मागं लांब, फाटकी, गुणगुणती शेपटी. मी एक जोड बदलायचो, शेपटी लांबायची. दुसरा बदलायचो, खरखर वाढायची. इतकं छान जमत होतं की थांब म्हणायचं राहून गेलं.

चारच्या सुमाराला बबिता बाहेर आली. ती सुमंगलाचं सगळं बघायची, सकाळी नऊ ते सहा.

“काका, बास करा आता. हात बघा काकूंचा, पानावानी थरथरायलाय.”

३

मी वायर काढली. तिचं टोक टेबलावर, माझ्या चष्म्याशेजारी. डबा चालूच होता, वाल्वची लाली दिसत होती. चहाचा कप उचलला आणि स्पीकरमधून ठोका आला. एकच, शेपटीसकट.

वायरकडं बघितलं. ती टेबलावरच होती.

मग आणखी एक.

घाबरलो म्हणणार नाही. मला आनंद झाला, खरं सांगतो. सुमंगला खाट बडवतेय, खाट फरशीवर, तीच फरशी दुकानापर्यंत, तिच्यावर टेबल, टेबलावर डबा. वाल्व इतका तिखट कानाचा निघाला की त्याला वायरसुद्धा लागत नाही. माऊलीला ही गोष्ट कशी रंगवून सांगायची ते मी चहा संपेपर्यंत ठरवलं. मग एक म्हणजे पाणी, म्हणून तांब्या घेऊन आत गेलो.

ती वाटी आपटत होती. मनगट वर जात होतं, खाली येत होतं, स्टीलची वाटी लोखंडी पाइपला लागत होती, लागून थरथरताना दिसत होती. आणि खोलीत पंख्याशिवाय काही वाजत नव्हतं.

ठोका माझ्या पाठीमागून येत होता. दुकानातून.

मी तिच्या हातातली वाटी घेऊन पाइपवर आपटली. खणखणीत वाजली. ओट्याजवळची बबिता दचकली. वाटी परत सुमंगलाच्या हातात दिली. तिनं मारली. काही नाही. हातातल्या काचेच्या बांगड्या एकमेकींवर सरकल्या, त्याही वाजल्या नाहीत.

“हाताचा जोर गेला वो त्यांच्या,” बबिता म्हणाली. “सकाळधरनं बडवायला लावलंत.”

सकाळपासून नव्हे, एकपासून, असं मी तिला सांगितलं. जोर गेला हे कारण मला पटलं. पटवून घेतलं. बांगड्यांना जोर कशाला लागतो हे मनात आलं होतं, पण ते मी दुकान उघडं पडलंय म्हणून तिथंच ठेवलं आणि बाहेर आलो.

सुमंगला वाटीकडं बघत होती. उलटीपालटी करून, जसं एखादं पोर बंद पडलेल्या खेळण्याकडं बघतं.

४

मी कानावर विश्वास ठेवणारा माणूस नाही. दुसऱ्या दिवशी बबिताला सांगितलं, काकूंनी वाटी मारली की घड्याळ बघून कॅलेंडरवर टिंब कर. डबा स्कूटरवर घातला आणि रेल्वे फाटकापलीकडं माझं गोदाम आहे तिथं नेला. सव्वा किलोमीटर. मधे रूळ, नाला, सरकी भरलेली वखार. कुठल्याही फरशीचा संबंध नाही. गोदामात पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं तापलेलं. डबा लावला, वाल्व लाल व्हायची वाट बघितली आणि वहीत वेळा लिहिल्या.

दुपारी घरी येऊन जुळवल्या. बबिताची सहा टिंबं माझ्या वहीत होती, मिनिटाला मिनिट. माझ्या वहीत नऊ होती.

वरच्या तीन बबिताच्या नजरेतून सुटल्या असतील. कपडे वाळत घालायला गेली असेल.

ठोक्यांखेरीज त्या गोदामात मी आणखी ऐकलं होतं. घसा खाकरणं. उसासा. कूस बदलताना ती नाकातून एक बारीक आवाज करते, तो. सगळं भुंग्याच्या शेपटीसकट. आणि घरात, समोर बसून, तिचा घसा खाकरताना मी फक्त बघितला. ओठ हलले, गळ्याची शीर हलली. मूकपट.

आता शहाण्या माणसानं काय करायचं असतं? वाल्व फोडायचा? फोडला आणि तिचा आवाज बाहेर येण्याऐवजी कायमचा गेला तर? मी डबा काउंटरवर ठेवला आणि चालू ठेवला. घंटी म्हणून चालत होती. एक वाजला की पाणी नेत होतो. कधी कधी पाणी घेऊन गेलो की ती मान हलवायची, नको. मी म्हणायचो, “तूच मागितलंस ना आत्ता?” ती फक्त बघायची.

गुरुवारी माऊली गिटार घेऊन आला. तार छेडली आणि आमच्या दोघांच्या अंगावर काटा आला. शेजारचा कापडवाला उठून बाहेर आला. सुराच्या खाली, आत कुठंतरी, ठोका पडत होता.

“काका, ह्यो ठोका कशाचा?”

“वाल्वचा स्वभाव आहे तो.”

“काढू नका. लय भारी वाटायलंय. जित्तं वाटायलंय.”

डबा ठेवून घ्यायला शंभर कारणं सांगता आली असती. उंदरांच्या जागी हैदराबाद सांगणारा माणूस मी. मी म्हटलं, “घेऊन जा.” एक कारण असं की डबा दूर गेला की आवाज घरी परत येईल, असं मला वाटलं. म्हणजे वाटू शकलं असतं. दुसरं कारण असं की तीन वर्षांत मी एकदाही पुरतं जेवण एका बैठकीत जेवलो नव्हतो. त्या दिवशी जेवलो. ताक घेतलं, वर एक डुलकी काढली. घरात असं शांत होतं, जसं लग्नाआधी माझ्या एकट्याच्या खोलीत असायचं.

उठून आत गेलो तर वाटी खाली पडली होती. कधी पडली कुणाला कळलं नव्हतं. सुमंगलानं माझं मनगट धरलं आणि त्यावर बोटानं ठोकायला लागली. सलग. बोट लागत होतं, नख टोचत होतं. तिला सगळं कळलं होतं आणि ती मला विचारत होती. मी हात काढून घेतला. दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणालो. दुकानात कुणी नव्हतं.

५

देवगाव फाट्याच्या लग्नाला माइक आणि भोंगे माझेच होते, जाणं भाग होतं. मुहूर्त बारा पस्तीसचा. निघताना बबिताला बजावलं, कानावर राहू नकोस, डोळ्यांनी बघत राहा. ती म्हणाली, “तुम्ही बिनघोर जावा.”

मंगल कार्यालय खच्चून भरलेलं. माऊलीनं तिसऱ्या गाण्याला बटण दाबलं आणि भुंगा सुटला. नवरदेवाचे मित्र उठून पुढं आले. मी भोंग्याखाली उभा होतो. पहिल्यांदा छाती फुगली. मग ठोका आला. एक. थोड्या वेळानं पुन्हा एक. बबिता आहे तिथं, देईल, असं मी मनात म्हटलं. मग दोन. मग सलग.

ढोलकीवाल्यानं तो सलग ठोका बरोबर उचलला आणि त्यावर ठेका धरला. पोरं बेभान झाली. कुणीतरी शिट्टी मारली. त्या शिट्टीखालून सुमंगलाचा ठसका आला, फाटून, लांबून, दोन्ही भोंग्यांतून. वन्स मोअर म्हणून ओरडा झाला.

मी फोन लावला.

“बबिता, काकू काय करायल्यात?”

“पडल्यात निवांत. केळं भरवलं आत्ता. भांडे घासायलेय मी.”

“आत जा. ठसका लागलाय तिला.”

“कुठं वो? मला न्हाई आला आवाज.”

“येणार नाही. जा म्हणतो ना.”

नळ बंद झाल्याचं ऐकलं. चपलांचा आवाज. 

“काका, तोंड काळंनिळं पडायलंय वो. खोकत न्हाईत, काय न्हाई, नुस्तं तोंड उघडायल्यात.”

“उठवून बसव. पाठ थोपट. जोरात.”

एका कानात बबिताच्या हाताचे धपाटे येत होते. दुसऱ्या कानात, दोनशे माणसांच्या डोक्यावरून, सुमंगला श्वास ओढत होती. श्वास आत जायचा आणि त्याच्यामागं भुंगा गुणगुणायचा. माझ्या शेजारचा माणूस टाळ्या वाजवत होता.

तेवढ्यात गुरुजींनी माइक हातात घेतला. “वाजवणं थांबवा, मुहूर्त साधायचा आहे.” माऊलीनं पाय ठेवून बटण बंद केलं. भोंगे शांत. माझ्या हातावर कुणीतरी अक्षता ठेवल्या.

फोनमध्ये बबिता रडायला लागली होती. “काका, कळंना मला. जीव हाय का न्हाई कळंना. आवाजच न्हाई.”

आवाज इथं होता. मी मंगलाष्टकाच्या पहिल्या कडव्यातच स्टेजवर चढलो आणि माऊलीच्या पायाजवळचं बटण दाबलं. गुरुजी ओळीच्या मधेच थांबले. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंनी लोक माझ्याकडं बघायला लागले.

“काका, काय करायलात?” माऊली दबक्या आवाजात म्हणाला.

भोंग्यांतून घोंघावणं. त्यात एक श्वास, सुईच्या नेढ्यातून ओढल्यासारखा. पण होता. मग दुसरा, जरासा मोकळा. आणि त्याच्या पाठोपाठ, स्वच्छ, स्टीलचा लोखंडावर, एक ठोका.

ठसक्यात पाणी द्यायचं नाही हे मला पाठ होतं. पण तीन वर्षं तो ठोका पडला की माझा हात तांब्याकडं गेला होता. विचार करायची गरजच कधी पडली नव्हती.

“पाणी मागतेय. पाणी दे तिला.”

“काका, त्या नको म्हणल्यावानी करायल्यात.”

पुन्हा ठोका. एक.

“मी ऐकतोय ना इथं. पाणी मागतेय. पाज.”

“काका...”

“पाज म्हणतो.”

दोन्ही भोंग्यांतून पाण्याचा आवाज आला. घागर बुडताना येतो तसा. मग नुसती घरघर, वाल्वची स्वतःची. माऊलीनं माझा पाय बाजूला सारून बटण बंद केलं. सावधान झालं असं मागच्या लोकांना वाटलं असावं, त्यांनी अक्षता टाकल्या. निम्म्या माझ्यावर पडल्या.

६

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो. बबिता खोली झाडत होती. झाडणं थांबवून म्हणाली, “काका, एक इचारू? रागावू नका.”

“विचार.”

“तुम्ही म्हणले एक वाजला. त्यो कशाचा?”

“वाटीचा. दुसरं काय.”

“वाटी तर मोरीत होती वो. केळं तिच्यातच कुस्करलं होतं, म्हणून मी घासायला नेलती. तुमचा फोन यायच्या आधी.”

“मग हातानं मारलं असेल.”

“हातानं तर माझं मनगट धरलं होतं काकूंनी. पेला ढकलायल्या होत्या.” तिनं बाही वर केली. चार नखांचे व्रण होते, सुकत आलेले.

मी तिला घरी जा म्हटलं. वही काढली. गोदामातल्या नऊ वेळांपैकी ज्या तीन बबिताकडं नव्हत्या त्या बघितल्या. तिन्हीपुढं मी एकच शब्द लिहिला होता. पाणी.

चौदाव्या दिवशी माऊली आला. आधी रीतीप्रमाणं पाच मिनिटं खाली मान घालून बसला, मग पिशवीतून डबा काढला.

“काका, ह्याचा आवाज बदललाय. आधी एकच ठोका वाजायचा. आता दोन वाजायलेत, एकावर एक. लोकांना आवडायलंय, पर माझा ताल चुकतो. एक काढता आला तर बघा.”

मी झाकण उघडलं. भर दुपारचं ऊन काउंटरवर पडलेलं. वाल्वच्या आत, माथ्याला चंदेरी डाग असतो. काचेला तडा जाऊन हवा शिरली की तो पांढरा पडतो आणि वाल्व मेला असं समजायचं. हा पांढराफटक होता. म्हणजे तो वाजायलाच नको होता. तडा शोधायला मी तो उन्हात धरला. तडा नव्हता. काच आतून ओलसर होती, हिवाळ्यात खिडकीच्या काचेवर श्वासाची वाफ धरते तशी. आणि त्या ओलीत दोन ठिकाणं पुसलेली होती, बाहेर बघायला माणूस हातानं पुसतो तशी. एक मधोमध, मोठं, जुनं, कडा सुकलेलं. दुसरं अगदी खाली, बुडाशी. ते मी बघत असतानाच जरासं रुंद झालं.

मी वाल्व होता तिथं खोचला आणि झाकण लावलं. स्क्रू पक्के केले.

“चालू करून तर बघा,” माऊली म्हणाला.

चालू केलं. पहिला ठोका सावकाश येत होता. एक. थांबून, एक. घाई नसलेला, अजून पाणी मागणारा. दुसरा त्याच्याखाली होता, सलग, न थांबता. तो हात मला ओळखायला वेळ लागला नाही. साठ पोरांना गप्प करणारा हात.

“कोणता काढू?” मी विचारलं.

“ज्यो सारखा वाजायलाय त्यो. लय बेजार करतो वो. कुणीतरी दार बडवायलंय असं वाटतं.”

मी बटण बंद केलं. वायर गुंडाळली, डबा जुन्या चादरीच्या तुकड्यात बांधला आणि त्याच्या मोटरसायकलला मागं स्वतः दोरीनं आवळून दिला. खड्ड्यातून जपून ने म्हणालो.

“म्हणजे न्हाई निघत?”

“नाही निघत,” मी म्हणालो. “वाजवत राहा. सवय होते. महिनाभरानं ऐकूसुद्धा येत नाही.”